बर्फातील जिवाणू आणि काळ्या मातीचा हिशेब

२०२५च्या मार्च महिन्यात उत्तर ध्रुवीय समुद्रावरील बर्फाने हिवाळ्यातील कमाल विस्तार गाठला, तेव्हा तो अवघा १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटर भरला. उपग्रहांच्या ४७ वर्षांच्या नोंदींतील तो तोवरचा नीचांक होता. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राने असाच हिवाळी नीचांक २०२३च्या सप्टेंबरात नोंदवला होता. अशी बातमी आली की चर्चा पांढऱ्या अस्वलांची होते, नव्या जलमार्गांची होते आणि समुद्राच्या वाढत्या पातळीचीही होते. वस्तुतः पाण्यावर आधीच तरंगणारा बर्फ वितळल्याने ही पातळी जवळजवळ वाढत नाही. या बर्फाच्या आत चालणारे जिवाणूंचे कार्य मात्र चर्चेत क्वचितच येते. हवेतील कर्बवायू समुद्रात किती मुरणार आणि किती परत फिरणार, याच्याशी त्या कार्याचा थेट संबंध आहे.

समुद्राचे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. गोठताना पाण्याचे स्फटिक मीठ बाहेर टाकतात. त्यातील बरेच मीठ खालच्या पाण्यात उतरते, तर उरलेले स्फटिकांमधल्या सूक्ष्म वाहिन्यांत दाट खाऱ्या पाण्याच्या रूपाने अडकते. उणे १० अंशांवर या पाण्याचा खारटपणा समुद्राच्या सुमारे चौपट असतो. अशा ठिकाणी जीवसृष्टी असेल, असे सहसा वाटणार नाही. परंतु वसंतात सूर्यप्रकाश परतताच बर्फाच्या तळाशी एकपेशीय शैवालांची तपकिरी दाटी होते आणि तिच्या आधाराने जिवाणू वाढतात. हे सूक्ष्मजीव स्वतःभोवती शर्करायुक्त चिकट द्रव्य पसरवतात. त्या द्रव्यामुळे गोठण्यापासून आणि खारटपणापासून त्यांचे रक्षण होते. आर्क्टिकच्या हिवाळी बर्फात उणे २० अंशांवरही काही जिवाणू सक्रिय असल्याचे संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले आहे.

कर्बाच्या दृष्टीने येथे जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू आहेत. शैवाले प्रकाशाच्या बळावर कर्बवायू शोषून त्याचे सेंद्रिय पदार्थांत रूपांतर करतात. त्यांतील काही भाग क्रिलसारख्या जीवांच्या मुखी पडतो, तर काही खोल समुद्रात जाऊन दीर्घकाळ साठून राहतो. उरलेले जिवाणू खातात आणि श्वसनाद्वारे त्याचा पुन्हा कर्बवायू करतात. याशिवाय एक रासायनिक व्यवहारही चालतो. थंडीत खाऱ्या वाहिन्यांमध्ये इकाइट नावाचा चुनखडीचा जलयुक्त प्रकार स्फटिकरूपाने साचतो आणि त्या वेळी कर्बवायू मुक्त होतो. हा वायू जड खाऱ्या पाण्याबरोबर खाली गेला, तर उन्हाळ्यात इकाइट विरघळताना पृष्ठभागावरील पाणी हवेतून नव्याने कर्बवायू ओढून घेऊ शकते. म्हणजेच बर्फाचे गोठणे आणि वितळणे ही ऋतूंच्या तालावर चालणारी एक संथ पंपाची क्रिया आहे.

तापमानवाढीने हा ताल बिघडत आहे. आर्क्टिकमधील अनेक वर्षे टिकणाऱ्या जाड बर्फाची जागा एका हिवाळ्यापुरता टिकणारा पातळ बर्फ घेत आहे. पातळ बर्फातून प्रकाश अधिक झिरपत असल्याने काही भागांत शैवाले लवकर बहरतात. मात्र बर्फही लवकर फुटतो आणि त्याच्या तळाशी वाढणाऱ्या शैवालांचा आधार नाहीसा होतो. बर्फ वितळताना गोड्या पाण्याचा लोंढा येतो. दाट खाऱ्या पाण्याला सरावलेल्या पेशी त्यात फुटतात आणि त्यांतील द्रव्य जिवाणूंना आयते अन्न म्हणून मिळते. त्यामुळे जमा वाढते की खर्च, याचे उत्तर प्रत्येक समुद्रात आणि प्रत्येक ऋतूत निराळे येते. माणसाने हवेत सोडलेल्या कर्बवायूपैकी सुमारे एक चतुर्थांश वाटा महासागर शोषून घेतात. या हिशेबात मोठी चूक होणे जगाला परवडणारे नाही.

या संशोधनात गोव्याचे स्थान अढळ आहे. पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेने डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्याच किनाऱ्यावरून प्रस्थान ठेवले. वास्कोतील हेडलँड सडा येथे १९९८ मध्ये स्थापन झालेले आणि आज राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखले जाणारे केंद्र देशाच्या ध्रुवीय मोहिमांचे संचालन करते. भारतीय शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकात शोधलेल्या जिवाणूंपैकी दोघांच्या नावांत आपल्या दक्षिण गंगोत्री आणि मैत्री या तळांची ओळख कायमची कोरली गेली आहे. उत्तरेकडे, स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-अ‍ॅलेसुंड येथे २००८ पासून हिमाद्री हे केंद्र कार्यरत आहे. २०१४ पासून तेथील काँग्सफ्योर्डेनच्या पाण्यात भारताची वेधयंत्रणा आहे. सुमारे २००६ नंतर अटलांटिकचे उबदार पाणी आत शिरू लागल्याने या फ्योर्डमधील हिवाळी बर्फ लक्षणीयरीत्या घटला आहे.

पूर्वी हिमाद्रीवरील काम प्रामुख्याने उजेडाच्या महिन्यांत चाले. २०२३च्या डिसेंबरात तेथे भारताची पहिली हिवाळी मोहीम रवाना झाली. कर्बाच्या अभ्यासासाठी या पावलाचे महत्त्व वाटते त्याहून मोठे आहे. ध्रुवीय रात्रीत शैवालांची जमा थांबते, परंतु जिवाणूंचा खर्च मंदगतीने चालूच राहतो. केवळ उन्हाळ्यात नोंदी ठेवणाऱ्याला खातेवहीचे एकच पान दिसते. वर्षभर मोजल्याविना कर्ब टिकला की उडाला, हे सांगता येत नाही, हा ध्रुवीय विज्ञानाने घालून दिलेला धडा आहे.

हाच धडा आता दख्खनच्या पठारावर लागू करण्याची वेळ आली आहे. बिदर शहर ज्या जांभ्याच्या पठारावर वसले आहे, तो दगड गोव्याच्या घराघरांतील चिऱ्यांचाच भाऊबंद. पठाराखाली उतरले की मांजरा आणि भीमेच्या खोऱ्यांत भारी काळी जमीन पसरते. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गीचे आळंद अशा सीमावर्ती तालुक्यांत मराठी बोलणारा शेतकरी या जमिनीवर तूर, सोयाबीन, उडीद, मूग आणि ज्वारी पिकवतो. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीच्या मुळांवरील गाठींत वसणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र जमिनीत बांधतात आणि गळालेला पाचोळा सेंद्रिय कर्बाची भर घालतो.

इथेही खर्च जिवाणूच करतात आणि उष्णतेने तो वाढतो. ओलावा पुरेसा असेल, तर तापमान १० अंशांनी चढल्यावर सेंद्रिय पदार्थ कुजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानावर मृगाचा पहिला पाऊस पडताच सुप्त जिवाणू जागे होतात आणि जमिनीतून कर्बवायूचा झोत बाहेर पडतो. पहिल्या पावसाचा मृद्गंध ही त्याच सूक्ष्म सृष्टीची देणगी. गोड्या पाण्याने बर्फात जे घडते, त्याच्याशी याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. अतिवृष्टीत परिस्थिती पुन्हा पालटते. पाणी तुंबून प्राणवायू संपतो, वेगळ्या जातीचे जिवाणू बळावतात आणि सुपीक वरचा थर ओढ्यात वाहून जातो. २०२५च्या सप्टेंबरात भीमा आणि मांजरा खोऱ्यांनी अशी अतिवृष्टी अनुभवली. कारा समुद्रातील घटता बर्फ आणि मध्य भारतातील मोसमाच्या अखेरची अतिवृष्टी यांत संबंध असण्याची शक्यता वास्कोच्या केंद्रातील संशोधकांसह एका गटाने २०२१ मध्ये मांडली होती. एखाद्या विशिष्ट पुराचे खापर त्यावर फोडता येणार नाही. परंतु ध्रुवांवरील घडामोडी आपल्या शिवारापासून फार दूर नाहीत, हे त्यातून सूचित होते.

या पार्श्वभूमीवर धोरणाचा प्रश्न उभा राहतो. २०२४च्या जानेवारीत केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. शेतकऱ्याने जमिनीत कर्ब साठवावा आणि त्याचे श्रेय विकून उत्पन्न मिळवावे, ही कल्पना स्वागतार्ह आहे. मात्र त्याच्या हाती मोजमापाचे साधन कोणते? २०१५ पासून दिली जाणारी मृदा आरोग्य पत्रिका १२ घटकांची माहिती देते आणि त्यांत सेंद्रिय कर्बही आहे. तो आकडा नमुना घेतला त्या दिवसाची शिल्लक सांगतो. पहिल्या पावसाने किती गेले, एप्रिल-मे महिन्यांत किती आटले, पुराने किती धुऊन नेले, हे त्यावरून कळत नाही. शिवाय काळ्या जमिनीत चुनखडीच्या रूपानेही कर्ब असतो. तो वेगळा मोजला नाही, तर एकूण कर्बाचा आकडा फसवा ठरतो.

अशा अपुऱ्या मोजमापावर करार झाले, तर जोखीम अखेर कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी येईल. श्रेय विकल्यावर एका दुष्काळाने किंवा एका पुराने तो कर्ब हवेत गेला, तर भरपाई कोणी करायची, हे करारात आधीच स्पष्ट असले पाहिजे. रायचूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांनी निवडक शिवारांत बारमाही नोंदी ठेवणे, जमिनीच्या श्वसनाचे मोजमाप करणे आणि ती माहिती कन्नडबरोबर मराठीतही उपलब्ध करून देणे ही त्याची पूर्वअट आहे. दरम्यान तुरीचा पाला व धसकटे न जाळता रानातच कुजू देणे, शेणखत घालणे आणि बांधबंदिस्ती करणे हे जुने उपाय फायद्याचेच आहेत. कार्बनचे श्रेय विकले गेले नाही, तरी त्यांनी जमिनीचा पोत सुधारतो आणि ओल टिकते.

ध्रुवीय रात्रीच्या काळोखात उपकरणे चालू ठेवण्याचा खर्च देशाने स्वीकारला आहे, तो अपूर्ण हिशेब धोक्याचा असतो म्हणून. भालकीच्या किंवा आळंदच्या शिवारासाठी तेवढीच काटेकोर नोंद मागणे अवाजवी नाही. कर्बाचा बाजार तिथे पोहोचण्याआधी ही मोजणी पोहोचली पाहिजे.