फिटरचे घर

गिरणीचा भोंगा म्हटला, की आपल्याला लालबाग-परळ आठवते. चेन्नईच्या पेरंबूर भागातली घरेही असाच भोंगा ऐकून जागी होत. बिन्नी कंपनीची बकिंगहॅम गिरणी तेथे १८७६ मध्ये सुरू झाली, काही वर्षांनी शेजारी कर्नाटिक गिरणी आली आणि १९२० मध्ये दोन्ही एक झाल्या. या ‘बी अँड सी’चे खाकी कापड गणवेशांसाठी देशभर जाई.

कापड विणणारा साचेवाला सगळ्यांना माहीत असतो. पण साचे बसवणारा, दांड्याची पातळी साधणारा, बेअरिंग बदलणारा फिटर क्वचितच कोणाला आठवतो. यंत्र बिघडले की आधी त्याला हाक. सणाच्या दिवशी गिरणी बंद असली, तरी दुरुस्तीसाठी त्याला जावे लागे. घरी पायसम होई आणि त्याचे ताट झाकून ठेवलेले असे.

या घरांचा खरा प्रश्न जेवणाचाच होता. दुपारची सुटी इतकी अपुरी, की घास घशाखाली उतरेपर्यंत परतायची वेळ होई. गिरणीजवळचे दुकानदार सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलू नायडू यांच्याकडे कामगार आपले गाऱ्हाणे मांडत. त्यातूनच २७ एप्रिल १९१८ रोजी ‘मद्रास लेबर युनियन’ उभी राहिली. अध्यक्ष झाले मुंबईत जन्मलेले बी. पी. वाडिया. देशातल्या पहिल्या संघटित कामगार संघटनांत तिची गणना होते.

हक्काची किंमत मात्र घरांनीच मोजली. १९२१ चा संप अनेक महिने चालला. चुली विझल्या, जातीपातीवरून वस्त्यांत फूट पडली, पुलियांतोपमध्ये गोळीबारही झाला. कालपर्यंत एका खात्यात राबणारे लोक एकमेकांचे वैरी झाले.

१९९६ मध्ये गिरणी बंद झाली. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने जायचे कोठे? १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातल्या घरांनी हाच प्रश्न सोसला होता. अशा वेळी घर तरते ते बाईने गाठीला बांधलेल्या चार पैशांवर, तिच्या शिलाईवर, खानावळीवर. तिच्या कष्टांची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नसते.

फिटरच्या हाती मात्र एक ठेव उरते. त्याची कला एकाच यंत्राशी बांधलेली नसते. पेरंबूरमध्येच १९५५ पासून रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना उभा आहे. २०१८ मध्ये पहिली ‘वंदे भारत’ तेथूनच बाहेर पडली. तेथेही पातळी साधणारा, आवाजावरून दोष ओळखणारा हात लागतोच.

गिरणीच्या जागेवर आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. भोंगा कधीच थांबला. आपल्या घरातही एखादा पाना, एखादी पेटी अशी पडून असेल. ती भंगारात देण्याआधी मुलांना जवळ बसवून, हे हत्यार कसे धरायचे, एवढे तरी आजोबांकडून शिकून घ्यायला सांगावे.