झाकली मूठ कोणाच्या सव्वा लाखाची?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मराठी माणूस शहाणपण म्हणून सांगत आला आहे. आम्हांस मात्र ती कधीच निरुपद्रवी वाटली नाही. मूठ झाकलेली राहिली तर ते सव्वा लाख कोणाचे? ज्याची मूठ त्याचे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येतो तो केवळ विश्वास. आणि न पाहता विश्वास ठेवण्याची सक्ती ज्या समाजावर शतकानुशतके झाली, त्या समाजाने तरी ही म्हण आपल्या मुलांना शिकवू नये. ज्या नियमाने माणसाचे बरेवाईट ठरते, तो नियम त्या माणसाला वाचता आला पाहिजे, तपासता आला पाहिजे आणि चुकीचा असेल तर बदलून घेता आला पाहिजे. संगणकाच्या जगात या आग्रहाला 'ओपन सोर्स' किंवा 'मुक्त स्रोत' असे नाव आहे. हा आग्रह केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही. तो आपल्या घरापर्यंत आणि आपल्या संस्थांपर्यंत आला पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

झाकलेली मूठ काय करू शकते हे पाहावयास दूर जाण्याची गरज नाही. ज्या ब्रिटनमध्ये आपण वास्तव्य करतो, तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणक प्रणाली बसविली. ती फुजित्सू कंपनीची होती. प्रणाली शाखांच्या हिशेबात तूट दाखवू लागली आणि ती तूट सबपोस्टमास्तरांनी पदरमोड करून भरावी असा तगादा सुरू झाला. ज्यांनी भरली ते कर्जबाजारी झाले. अनेकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे आरोप आले. नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरविली गेली. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबेही होती. सीमा मिश्रा या बाईंना तर २०१० साली गरोदरपणातच तुरुंगात जावे लागले. प्रणालीत दोष आहेत हे उच्च न्यायालयाने मान्य करावयास २०१९ साल उजाडले. मिश्राबाईंसह ३९ जणांवरील ठपका २०२१ साली पुसला गेला, आणि उरलेल्यांपैकी बहुसंख्यांसाठी पार्लमेंटला २०२४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

हा अनर्थ केवळ यंत्राच्या चुकीने घडला काय? आमचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. चूक तर प्रत्येक यंत्रात असते. अनर्थ घडला तो चूक शोधण्याचा अधिकार आरोपीला नव्हता म्हणून. प्रणालीच्या आतील सूत्रे सबपोस्टमास्तरांना पाहता येत नव्हती. दूर बसलेला कंपनीचा माणूस शाखेच्या हिशेबात फेरफार करू शकतो, ही गोष्ट वर्षानुवर्षे नाकारली गेली. संगणक नीट चालत होता हे फिर्यादी पक्षाने सिद्ध करावे अशी जी अट इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात होती, ती १९९९ च्या कायद्याने काढून टाकली होती. म्हणजे न्यायालयाने यंत्र खरे धरावयाचे आणि माणसाने स्वतःला निर्दोष सिद्ध करावयाचे! वर प्रत्येकाला असे भासविले जाई की, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. २००९ साली हे सबपोस्टमास्तर एकत्र आले तेव्हा कोठे त्यांना समजले की आपण एकटे नव्हतो.

'ग्रंथात असे लिहिले आहे, पण तो ग्रंथ तू वाचावयाचा नाहीस' हे वाक्य आपल्या पूर्वजांनी ऐकले होते. 'संगणकात असे दिसते, पण संगणकात काय आहे ते तू पाहावयाचे नाहीस' हे वाक्य त्याहून वेगळे आहे काय? भाषा बदलली, वस्त्रे बदलली. ज्ञानबंदी तीच राहिली.

या ज्ञानबंदीविरुद्ध संगणकाच्या क्षेत्रातच बंड झाले, हे आपण जाणून घेतले पाहिजे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्यांच्या विचाराचा गाभा चार अधिकारांत आहे : आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरण्याचा, तिच्या आतील सूत्रे अभ्यासण्याचा, ती इतरांना देण्याचा आणि तीत सुधारणा करून ती सुधारणाही वाटण्याचा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ साली रूढ झाले. आज जगातील बहुतेक मोठी संगणककेंद्रे आणि खिशातले अँड्रॉइड फोन लिनक्सच्या पायावर उभे आहेत. ज्यांनी हा पाया रचला त्यांनी आपली मूठ झाकली नाही. म्हणूनच तो इतका रुंद झाला.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे प्राप्त आहे. 'ओपन सोर्स म्हणजे फुकट' असे आपले सुशिक्षित बांधवही म्हणतात. फुकट मिळणारी वस्तू आणि मोकळी वस्तू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अन्नछत्रात जेवण फुकट मिळते, परंतु स्वयंपाकघरात जाण्याचा अधिकार मिळत नाही. आपल्याला दान नको आहे. अधिकार हवा आहे. एक पैसा न घेता आपली सारी माहिती गोळा करणारी बंद आज्ञावली आपल्याला मोकळे करीत नाही, ती आपल्याला मिंधे करते.

मोकळेपणाचा हा विचार आपल्याकडे परका आहे असेही कोणी समजू नये. आपण धम्मात आचार्याची झाकलेली मूठ ठेवलेली नाही, असे तथागतांनी आनंदाला सांगितले होते. आणि बाबासाहेबांचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला त्यांच्या भाषणाचा मजकूर सोसवला नाही; बाबासाहेबांनी तो बदलण्यास नकार दिला, मंडळाने परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून स्वखर्चाने छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही सोबत छापला. १९३७ च्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींनी केलेली टीका आणि तिला आपले उत्तर ही दोन्ही वाचकांपुढे ठेवली. विरोधकाचा युक्तिवाद स्वतःच्याच पुस्तकात छापणे याहून मोठा मोकळेपणा कोणता?

आता आपल्या संस्थांकडे वळू. कोणा एका मंडळाकडे आमचे बोट नाही. परंतु परदेशातील समाजसंस्थांत सर्रास दिसणारे चित्र असे की, घटना कोणाच्या तरी कपाटात, सभासदांची यादी कोणाच्या तरी खाजगी संगणकात आणि हिशेब कोणाच्या तरी डोक्यात असतो. प्रश्न विचारणाऱ्याला 'समाजाची अब्रू चव्हाट्यावर आणू नका' असे सुनावले जाते. आम्ही विचारतो, ज्या समाजाने माणगावात, महाडात आणि नागपुरात सर्वांसमक्ष उभे राहून आपला इतिहास घडविला, त्याची अब्रू वार्षिक हिशेबाच्या कागदाने कशी जाईल?

मुक्त स्रोताच्या जगात एका ओळीतला बदलही कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला याची नोंद राहते. आपल्या घटनेतील दुरुस्तीची अशी नोंद का नसावी? तेथे मतभेद झाला तर वेगळी शाखा काढण्याचा अधिकार सर्वांना असतो. परंतु जाणारा समाईक भांडवलाची प्रत घेऊन जातो, भांडवल पळवीत नाही. ओपनऑफिस ही प्रणाली ओरॅकल कंपनीच्या ताब्यात गेली तेव्हा, २०१० साली, कार्यकर्त्यांनी तिच्यातूनच लिबरऑफिस उभे केले. आधीच्या श्रमाचा एक कणही वाया गेला नाही. आमच्याकडे मात्र संस्था फुटते तेव्हा एक गट दप्तर नेतो, दुसरा बँकेचे खाते नेतो, आणि तिसऱ्याला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे किती शकले झाली हे येथे मोजून दाखविण्याची आवश्यकता नाही. मतभेद हा दोष नव्हे. समाईक ठेव कोणा एकाच्या मुठीत असणे हा दोष आहे.

दोन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. पहिले असे की, उघडे असावेत ते नियम आणि व्यवहार, माणसांची खाजगी आयुष्ये नव्हेत. कोणाचा पत्ता, कोणाची आर्थिक अडचण, नोकरीच्या ठिकाणी ज्याला आपली जात सांगावयाची नाही त्याचे नाव, हे सारे जपणे संस्थेचे कर्तव्य आहे. दुसरे असे की, मूठ उघडली तरी पाहणारे डोळे हवेत. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या मुक्त आज्ञावलीत कोणीतरी लपवून ठेवलेले चोरदार सापडले. ती आज्ञावली मुख्यतः एक थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. मदतीच्या मिषाने शिरलेल्याने त्याचा विश्वास संपादन केला होता. चोरदार उघडकीस आले ते अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला म्हणून. सूत्रे खुली होती म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आले. पण त्याने पाहिले, हेही तितकेच खरे. वर्षानुवर्षे एकाच खजिनदाराच्या खांद्यावर सारा भार टाकून निश्चिंत झोपणाऱ्या सभासदांनी यातून बोध घ्यावा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक संस्थेने आपली घटना, ठराव आणि हिशेब वार्षिक सभेपूर्वी प्रत्येक सभासद-कुटुंबाच्या हाती द्यावेत. संस्थेचे दप्तर कोणत्याही संगणकावर उघडेल अशा स्वरूपात आणि किमान तिघांच्या जबाबदारीत असावे. जयंतीचा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम कसा उभा करावयाचा, सभागृह, भोजन, वक्ते, खर्च यांसह, ते लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या शहरातील चार घरांनाही तो उभा करता येईल. आणि आपल्या ज्या मुलामुलींना संगणकाची विद्या अवगत आहे, त्यांनी मुक्त स्रोतातून केवळ घेऊ नये, त्यात भरही घालावी.

या देशात जन्मलेली आपली पिढी उद्या विचारील, 'हे असे का ठरले?' त्या वेळी तिच्यापुढे झाकलेली मूठ धरावयाची की उघडलेली वही, याचा निर्णय आजच करावयाचा आहे. सव्वा लाख मुठीत नव्हते आणि नाहीत. ते आहेत वही वाचणाऱ्या सव्वा लाख डोळ्यांत.

जय भीम!