आनंदवार्तेचं पान

मागच्या आठवड्यात दिवेलागणीला आमच्या गल्लीतली एक मुलगी मोबाइल हातात धरून दारात उभी राहिली. “काका, घेतली त्याईनं!” एवढंच म्हणाली. एका छोट्या नेट-मासिकाने तिची कथा स्वीकारली होती. मागोमाग तिची आई आली. “मानधन भेटते का हो?” मानधन नव्हतं. पण संपादकांनी कथा मन लावून वाचल्याचं पत्रातून कळत होतं. शेवटचा परिच्छेद काढावा असं वाटतं, असं त्यांनी सुचवलं होतं आणि नावाखाली गाव लिहायचं का, हेही विचारलं होतं. ज्यांची कथा पहिल्यांदाच छापून येते, त्यांची नावं पुढच्या अंकाच्या ‘आनंदवार्ता’ या पानावर येणार होती.

रात्री मी त्या मासिकाचे मागचे अंक उघडून तेवढंच पान वाचत बसलो. कुणाच्या कथेचं कन्नडमध्ये भाषांतर झालं, कुणाचा पहिला संग्रह निघाला, कुणी दोन वर्षांनी पुन्हा लिहायला लागलं. प्रत्येक बातमी दोन-तीन ओळींची, पण लिहिणाऱ्याचा आनंद त्या ओळींतून सांडत होता. मी ज्या काळात कथा पाठवायचो, तेव्हा पाकिटात स्वतःच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घालावं लागे. पोस्टमनच्या हातात आपलंच अक्षर दिसलं की न उघडताच कळायचं: साभार परत. कथा कुणी वाचली की नाही, हे मात्र कळायचं नाही. लिहिणाऱ्याला पैशांच्या आधी हवा असतो तो हा पुरावा, की कुणीतरी आपल्याला शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

असा पुरावा मिळवण्यासाठी एका मोठ्या माणसाने स्वतःचं नावच बाजूला ठेवलं होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी हे नाव तयार केलं होतं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. हॉएल-नारळीकर सिद्धान्तामुळे त्यांचं नाव जगभर झालेलं होतं. त्या नावाने पाठवलेली कथा कोणत्या संपादकाने नाकारली असती? त्यांना तो मान नको होता. आपली कथा कथा म्हणून उभी राहते का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा विज्ञानकथासंग्रह १९७९ साली आला. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे चालून आलं. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा मला खगोलशास्त्रज्ञाच्या आधी तो स्पर्धेचा कागद आठवला, त्यावरचं परकं नाव आणि पत्नीचं अक्षर.

मराठीतली विज्ञानकथेची आणि अद्भुतकथेची ही वाट पहिल्यापासून मासिकांनीच राखली. कोचीनला सुरू झालेल्या कृष्णाजी नारायण आठल्यांच्या ‘केरळ कोकिळ’मध्ये १९०० साली ज्यूल व्हर्नची कादंबरी ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने आली. विमानसुद्धा उडालेलं नव्हतं, तेव्हा मराठी वाचक मासिकाचं पान उलटून चंद्राकडे निघाला होता! पुढे अनंत अंतरकरांचं ‘नवल’ आलं, ‘धनंजय’चे दिवाळी अंक आले. नारायण धारपांच्या भयकथा आम्ही अंथरुणात कंदील ओढून घेऊन वाचायचो. अंक एकच, पण तो अख्ख्या आळीत फिरून यायचा आणि परत येईतो त्याचं मुखपृष्ठ गेलेलं असायचं.

मग परदेशातल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ या संकेतस्थळावर दिवाळी अंक सुरू केले आणि पोस्टाचं तिकीट मधून निघून गेलं. आपल्या बंगाली भावंडांनी तर २०१६ मध्ये ‘कल्पविश्व’ हे खास विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचं नेट-मासिक सुरू केलं. १९६३ साली अद्रीश बर्धन यांनी बंगालीत ‘आश्चर्य’ नावाचं विज्ञानकथेचं मासिक काढलं होतं. त्या वारशावर हक्क सांगत ही पोरं उभी राहिली. आपल्याकडे दिवाळी अंकांनी ही जागा सांभाळली, त्यांचे उपकार आहेतच. तरी दिवाळी वर्षातून एकदा येते. जून महिन्यात सुचलेल्या कथेने ऑक्टोबरपर्यंत का थांबायचं? म्हणून असं छोटं मासिक बारा महिने चालवणाऱ्यांबद्दल मला फार माया वाटते. नोकरी सांभाळून, रात्री जागून ते परक्यांच्या कथा वाचतात, पदरमोड करतात आणि वर त्या परक्यांच्या यशाच्या बातम्या स्वतःच्या घरातल्या कार्यासारख्या छापतात.

आणि अशा कथांसाठी आमच्या मेहकरच्या माणसाला अद्भुत काही बाहेरून आणावं लागत नाही. मेघंकर राक्षस आणि त्याला मारणारा शार्ङ्गधर ही आमच्या गावाच्या नावाची कथा. त्याच शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली, तेव्हापासून ही कथा ऐकलेली नाही असं पोर इथे नाही. सुमारे २५ किलोमीटरवर लोणार. उल्केच्या आघाताने काळ्या बेसॉल्टमध्ये पडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा आणि त्यात खारं पाणी. लोकांनी त्याला लवणासुराची गोष्ट जोडली. आभाळातून काहीतरी भयंकर आलं होतं, हे त्या गोष्टीलाही ठाऊक आहे असं मला नेहमी वाटतं.

या दोन गावांना जोडते ती दंतकथेतली कंचनी. मेहकरात तिच्या महालाचे अवशेष दाखवतात. वरून लोणारच्या देवीचा दिवा दिसेल एवढा उंच महाल बांधायचा तिने ठरवलं, आणि तो दिवा दिसायच्या आधीच तिची शिळा झाली, असं सांगतात. कसं, कुणाच्या शापाने, याची उत्तरं प्रत्येक आजीकडे वेगळी. आमचे कवी ना. घ. देशपांडे इथेच वकिली करत राहिले आणि इथूनच कविता लिहीत राहिले. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या रेकॉर्डवरून घराघरांत पोहोचली, पण त्या नावाचा संग्रह यायला १९५४ साल उजाडलं. ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी ‘कंचनीचा महाल’ही लिहिला. पुण्या-मुंबईपासून इतक्या दूर बसून!

त्या मुलीची कथाही कंचनीचीच आहे. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा ती आठवीत होती. पाणी आटून क्षार वाढले आणि क्षारांत जगणारे, रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव बळावले, असं आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं. तिने ते पाठ केलं होतं, पण तिचं समाधान झालं नव्हतं. तिच्या कथेत महाल पुरा होतो. कंचनी वर चढते, दिवा शोधते, आणि तिला दिव्याच्या जागी ते गुलाबी तळं दिसतं, आतून उजळलेलं. शेवटच्या परिच्छेदात तिने तो उजेड कुठून आला, हे सविस्तर समजावून सांगितलं होतं. शास्त्राला धरूनच होतं सगळं.

आम्ही ओट्यावर बसून तो परिच्छेद चार वेळा वाचला. “मेहनत केलती काका,” ती म्हणाली. मी गप्प राहिलो. मग तिनेच बोट ठेवून तो खोडला. आता कथा शेवटच्या पायरीवर, उजेडापाशी थांबते.

गावाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. तिने वर न बघता टाइप केलं: मेहकर, जि. बुलडाणा.