कॅल्शियमची गोळी फक्त गरोदर बाईलाच का?

भंडारा जिल्ह्यातल्या मायबहिणींनो, आणि त्यांच्या घरच्या बाप्यांनो,

पाळीच्या आठ-दहा दिवस आधी छाती दुखते, पोट फुगतं, पायावर सूज चढते, झोप उडते. बारक्याशा बोलण्यावरून रडू येतं, नाहीतर पोराच्या पाठीत धपाटा बसतो. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. घरचे म्हणतात, नखरे. रोवणीचा ठेकेदार म्हणतो, कामचुकार. इंग्लंडच्या डॉ. कॅथरीना डाल्टन आणि डॉ. रेमंड ग्रीन यांनी १९५३ सालीच हा त्रास वैद्यकीय नियतकालिकात मांडला. तरी आपल्या गावात तो अजून बाईचा स्वभावच धरला जातो.

स्त्रीबीज सुटल्यावर अंगात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि पाळीच्या तोंडावर झपाट्यानं उतरतं. त्रास होणाऱ्या बाईत ते बहुधा चारचौघींइतकंच असतं, पण तिच्या मेंदूला हा चढउतार जास्त झोंबतो. म्हणून ‘हार्मोन बिघडले’ म्हणत महागडी पावडर विकायला येणाऱ्याला दारातूनच परत लावा.

आता ताटाकडे बघा. रोवणीच्या दिवसांत सकाळी चहा, दुपारी बांधीवर रात्रीचा भात आणि लोणचं, संध्याकाळी सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर गंजाच्या बुडाशी उरलेलं वरण. घरचं दूध डेअरीला गेलेलं. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि १०० ग्रॅम तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम असतं. धान पिकवणाऱ्या जिल्ह्यात धानावरच जगणाऱ्या बाईची हाडं रिकामी राहिली तर दोष कुणाचा?

अमेरिकेत डॉ. सुसान थीस-जेकब्स यांनी ४६६ बायांवर केलेला अभ्यास १९९८ मध्ये छापून आला. रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांचा पाळीआधीचा त्रास तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी उतरला. खोटी गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्क्यांनी उतरला, ते लपवायचं कारण नाही. कॅल्शियम हा रामबाण नव्हे, पण फरक खरा आहे आणि खर्च अगदी थोडा.

ही गोळी आपल्या उपकेंद्रात असते. सरकारी कार्यक्रमात ती आहे गरोदर बाईसाठी आणि बाळंतिणीसाठी. पोटात मूल असेल तरच बाईच्या हाडांची काळजी, एरवी तिनं सोसावं! वैनगंगेच्या खालच्या अंगाला गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेले आकडे असे: ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. विचारलंच नाही, तर कळणार कसं?

ही गोळी सगळ्यांना मिळेपर्यंत घरातलं घरात करता येण्यासारखं बरंच आहे. कॅल्शियमसाठी तीळ, शेवग्याचा पाला, नाचणी, तलावातली काट्यासकट खाता येणारी बारीक मासोळी. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त आधीच कमी आहे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका. मुतखडा असेल तर आधी डॉक्टरला विचारा. कॅलेंडरवर दोन महिने त्रासाच्या दिवसांवर खूण करा आणि तेच कॅलेंडर डॉक्टरपुढे ठेवा. त्या दिवसांत जीव द्यावासा वाटत असेल तर तो आहाराचा प्रश्न नाही. त्यावर औषध आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा, नाहीतर टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा.

बाप्यांनो, त्या दिवसांत तिचं ताट आधी वाढा.

आणि बायांनो, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. येत्या सभेत ठराव मांडा: पाळीआधीच्या त्रासाची नोंद उपकेंद्रानं घ्यावी, आणि डॉक्टरनं सांगितलेल्या प्रत्येक बाईला, ती गरोदर असो वा नसो, कॅल्शियमची गोळी मिळावी. ठरावाची प्रत हातात घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.