आठ सेकंदांची चूक

कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या ‘थेरॅक-२५’ यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्यांतील काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर शहरातील अपघातांत दोष विलक्षण होता. तंत्रज्ञाने चुकीची नोंद आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली, तर ती पडद्यावर दिसे. पण तेव्हा चुंबकांच्या जुळणीत गुंतलेल्या प्रोग्रामला तिचा पत्ताच लागत नसे. सावकाश टाइप करणाऱ्याकडून हा दोष उघड झालाच नसता.

म्हणूनच ‘चाचण्या झाल्या आहेत’ एवढे उत्तर पुरेसे नाही. एकाच वेळी चालणारी कामे असंख्य क्रमांनी एकमेकांत गुंततात. सगळे क्रम चालवून पाहणे अशक्य. टोनी होअर यांनी १९७८ मध्ये आणि रॉबिन मिल्नर यांनी १९८० मध्ये अशा परस्परसंवादाचे गणित मांडले. त्या वाटेने, घातक क्रम उद्भवूच शकत नाही, हे यंत्राच्या प्रतिकृतीवर सिद्ध करता येते. काम खर्चिक आहे, आणि प्रतिकृतीत सुटलेले सिद्धतेतही सुटते. म्हणून सोबत स्वतंत्र सुरक्षा-कळही हवीच. आधीच्या ‘थेरॅक-२०’मध्ये ती होती, नव्यात सारा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला गेला.

रुग्णाच्या जिवाशी जोडलेले यंत्र घेताना रुग्णालयांनी किमतीबरोबर या दोन्ही गोष्टी विचारायलाच हव्यात.