आठवीचा थांबा

वर्धा जिल्हा 1862 साली नागपुरातून वेगळा निघाला. पुढे हिंगणघाटातून समुद्रपूर तालुका वेगळा झाला, गावाला नगरपंचायतही मिळाली. वाटणी होऊन स्वतंत्र चूल मांडण्याचा अनुभव या भागाला आहे. मात्र एखाद्या गावातल्या शाळेने हीच मागणी केली, की शासनाला पटसंख्या आठवते.

दुसऱ्या शाळेची शाखा म्हणून भरणाऱ्या वर्गांचे स्वतंत्र सरकारी हायस्कूल व्हायचे, तर इमारत ही त्यातली सोपी गोष्ट. हवा असतो स्वतःचा युडायस क्रमांक, मुख्याध्यापकाचे मंजूर पद, बोर्डाची मान्यता आणि गोल शिक्का. तो शिक्का येईपर्यंत पोरांच्या दाखल्यावर मूळ शाळेचेच नाव.

हायस्कूलच्या वर्गांना तर कायद्याची हमीही नाही. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि देशभर सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण द्यावे, असे ठरले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने हमी दिली आठवीपर्यंतची. म्हणजे 72 वर्षांत एका इयत्तेची दर्जावाढ! नववी-दहावीची हमी मागणाऱ्या पालकांनी या गतीने हिशेब करून पाहावा.

कायदा आल्यावर 2 जुलै 2013 च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवी आणि सातवीपर्यंतच्या शाळेला आठवी जोडायचे ठरले. त्यावर खासगी संस्थाचालक अस्वस्थ झाले. त्यांची मुले पळणार होती ना. त्यांच्यासाठी 2012 च्या कायद्याने वेगळी वाट काढून ठेवलीच होती: नवी शाळा किंवा दर्जावाढ हवी तर स्वयंअर्थसहाय्यित. कापूस-सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या गावात हे स्वयंअर्थसाहाय्य कोणाच्या खिशातून येते, हे सांगायला नको.

उरली जिल्हा परिषद. तिला 2023 मध्ये पत्र आले ते नव्या शाळांचे नव्हे, समूह शाळांचे: 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणा, तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचा कित्ता गिरवा. 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकपदे ठरवण्याच्या, निकषांनी सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की शिक्षकाचे पदच उडवले. शिक्षक नाही म्हणून मुले जातात, मुले गेली म्हणून शिक्षक जातो आणि मग गावाला शाळेची आस्था नाही, असा शेरा पडतो.

मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. योजना चांगलीच आहे. फक्त पास असला म्हणून पावसाळ्यात गाडी गावात येतेच असे नाही आणि आठवीनंतर घरी बसणाऱ्यांत मुलगी पहिली असते.

जिल्हा परिषदेने दर्जावाढीचे प्रलंबित प्रस्ताव तालुकावार जाहीर करावेत आणि नाकारलेल्या प्रत्येक प्रस्तावापुढे कारण लिहावे. त्याला शासन निर्णय लागत नाही.