न दिसणारें खळें

गेल्या अंकांत आम्हीं आकाशगंगेभोंवतालच्या कृष्णद्रव्याचा उल्लेख केला होता. त्यावर एका वाचकभगिनींनीं विचारिलें आहे कीं, जें दिसत नाहीं त्याचा आकार ज्योतिर्विद कशावरून सांगतात? प्रश्न मार्मिक आहे.

तें द्रव्य आहे, हें अर्थापत्तीनें कळतें. देवदत्त दिवसां जेवत नाहीं आणि तरी पुष्ट आहे, तेव्हां तो रात्रीं जेवत असला पाहिजे. आकाशगंगेच्या बाहेरील भागांतले तारे इतक्या वेगानें फिरतात कीं, दृश्य द्रव्याची ओढ त्यांस धरून ठेवण्यास पुरत नाहीं. म्हणून तिच्याभोंवतीं अदृश्य द्रव्याचें खळें मानिलें आहे. (चंद्राचें खळें निदान दिसतें!) पण देवदत्ताच्या पानांत काय वाढलें होतें, हें अर्थापत्ति सांगत नाहीं.

तें सांगतात तारकाप्रवाह. लहान दीर्घिका आकाशगंगेजवळ आली म्हणजे तिच्या अलीकडील बाजूस ओढ अधिक व पलीकडील बाजूस कमी पडते. तिचे तारे सुटतात आणि तिच्या मार्गावर पुढें व मागें लांबच लांब पसरतात. खळें गोल असेल तर हा मार्ग एकाच प्रतलांत राहील. चपटें वा लांबट असेल तर तें प्रतल हळूहळू फिरेल. धनु राशींत १९९४ सालीं सांपडलेल्या दीर्घिकेच्या प्रवाहानें तर सगळ्या आकाशास वेढा घातला आहे.

याच प्रवाहानें पंडितांची फजिती केली. पुढच्या ताऱ्यांचे वेग पाहावे तर खळें लांबट ठरे, मार्गाचा कल पाहावा तर चपटें. २०१० सालीं लॉ व मजेव्स्की यांनीं तिन्ही अक्षांचीं मापें निरनिराळीं धरून दोन्ही जुळविलें. उत्तर जुळलें, पण अशा खळ्यांत आकाशगंगेची तबकडी स्थिर कशी राहावी, हें कोणास उलगडेना. जुळलेल्या उत्तरानें हुरळून जाणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

मेख निराळीच होती. दक्षिण गोलार्धांत नुसत्या डोळ्यांस दिसणारा मॅगेलनचा मोठा मेघ, सुमारें १,६०,००० प्रकाशवर्षे दूर असलेला, त्या हिशेबांत नीट धरिलाच नव्हता. २०२१ सालीं वासिलिएव्ह, बेलोकुरोव्ह व एर्कल यांनीं गैया यानाच्या मापांच्या आधारें त्याचें वस्तुमान सूर्याच्या सुमारें १३ हजार कोटी पट ठरविलें. आकाशगंगाच त्याच्याकडे खेंचली जात आहे! त्यानें प्रवाहाचा मेळ बसला. मात्र खळें गोल निघालें नाहीं. आंत तें तबकडीसारखें चपटें, तर बाहेर दुसऱ्याच दिशेस कललेलें आहे.

पालोमार ५ या तारकागुच्छाच्या दोन शेपटांची हकीकत पुढील अंकीं.